उखळ

ट्यूनिसहून निघालो तेव्हा आत्या मागच्या सीटवर,
मांडीवर डबा, डब्यात उकडलेली अंडी
आणि तोंडात एकच पालुपद: हळू घे.
माझ्या जुन्या पूझोला तसंही जोरात जाता येत नाही
हे तिला तीनदा सांगून झालं.

मजेज अल-बाबच्या पुढे गव्हाची रानं केव्हाच कापून झालेली.
टपऱ्यांपुढे सोललेली मेंढरं टांगलेली,
कोळशाचा धूर काचेतून आत.
"थांबू या?" मी विचारलं.
"आधी घर," ती म्हणाली,
जणू तिकडे कुणी चूल पेटवून वाट बघत होतं.

घर म्हणजे दुग्गा.
टेकडीवरचं रोमन शहर, ज्याची पोस्टकार्डं विमानतळावर मिळतात.
त्या खांबांच्या मधल्या जागेत
आमची माणसं राहत होती,
कोंबड्या देवळाच्या पायऱ्यांवर,
मिरच्यांचं वाळवण नाट्यगृहाच्या बाकांवर.
मग साहेब आले, मोजपट्ट्या आल्या,
आणि गाव खाली सपाटीवर नेऊन ठेवलं,
भांड्यांची फळी हलवावी तसं.
नव्या गावाचं नाव नवं दुग्गा.
कुणी फार डोकं खाजवलं नसावं.

फाटकावर लझर नावाचा पोरगा: "तिकीट, आजी."
"माझ्याच दाराशी?"
तो गडबडला. रांगेतले दोन जर्मन पाहुणे उगाच हसले.
मी पैसे काढले, तिने माझा हात दाबला,
रुमालाची गाठ सोडून स्वतःची नाणी मोजली,
एकेक, त्याच्या तळहातावर आपटत,
आणि तिकीट छातीशी खोवलं.

देवळाकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही.
वाट पायांना ठाऊक होती, गुडघ्यांना नव्हती.
दर दहा पावलांवर दगड, दर दगडावर बसकण,
दर बसकणीला एक नाव:
इथे शाफियाचं, इथे त्या आंधळ्या हम्माचं,
इथे तुझा बाप गाढवावरून पडला.
जमिनीवर काहीच नव्हतं.
जोत्यांच्या रेषा होत्या, त्याही आमच्या नव्हत्या.
आमच्या भिंती उचलून नेल्या होत्या,
खालच्या भिंती दिसाव्यात म्हणून.

अंजिराच्या झाडापाशी एक गाईड,
पुढ्यात दहाबारा टोप्या.
पडलेल्या खांबातला वाटीएवढा खळगा दाखवत
तो सांगत होता: यात देवांसाठी मद्य ओतत असत.
बहुधा.
टोप्यांनी फोटो काढले.
आत्या घुसली. कोपरं अजून धारदार आहेत तिची.
"मद्य? हे माझ्या आईचं उखळ आहे.
मिरची, लसूण, शहाजिरं.
ती अशी बसायची, ऊन पाठीवर घेऊन,
आणि कुणी मध्ये बोललं की मुसळ उगारायची."
गाईडने तिच्याकडे पाहिलं, खळग्याकडे पाहिलं,
मग टोप्यांना त्यांच्या भाषेत लांबलचक काहीतरी सांगितलं.
काय, ते आम्हाला कळलं नाही.
एका बाईने मात्र कॅमेरा खाली केला.

सगळे गेल्यावर आत्याने बोट ओलं केलं,
खळग्यात फिरवलं, चाखलं.
मी थांबून राहिले.
"माती," ती म्हणाली. "दुसरं काय असणार."

परतताना तेस्तूर.
स्पेनमधून हाकललेल्यांनी वसवलेलं, कौलारू,
चौकात कॉफीच्या खुर्च्या,
आणि मिनारावर ते घड्याळ ज्याचे काटे उलटे फिरतात.
लोक लांबून बघायला येतात.
आत्याने मान वर केली, मनगटावरचं पाहिलं.
"पाच मिनिटं पुढे आहे," म्हणाली.

डाळिंबवाल्या शेदलीशी तिने अर्धा तास घासाघीस केली.
"कुठल्या तुम्ही, खाला?"
"दुग्गा."
"नवं की जुनं?"
"जुनं."
"जुन्यात तर कुणी राहत नाही."
"राहता कुठे असं विचारलंस का?"
त्याने एक डाळिंब वरचं टाकलं.

अंधार पडता पडता ती झोपली,
मांडीवर डबा, अंडी तशीच.
रस्ता मोकळा होता. काटा ऐंशीवर गेला,
पूझो थरथरली,
मागून कुणी हळू घे म्हटलं नाही.
मी आरशात पाहिलं,
आणि वेग कमी केला.